जोडीदार

मैथिलीला फिट येणार आहे हे तिच्या मनगटावरच्या घड्याळाला पहिल्यांदा आधी कळलं, तेव्हा ती ओट्यापाशी कांदा चिरत होती. घड्याळ थरथरलं. तिने सुरी लांब सरकवली, गॅस बंद केला, भिंतीला टेकून फरशीवर बसली आणि शार्दूलला हाक मारली. तो बाहेरच्या खोलीतून आला, तिच्या डोक्याखाली उशी दिली आणि दोघं वाट बघत राहिले. कपातला चहा कोमट व्हावा इतका वेळ गेला. मग तिचे डोळे वर फिरले, अंग ताठ झालं आणि फिट आली. ओसरली तेव्हा मैथिलीच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

असं आजवर कधी झालं नव्हतं. तिच्या भुवईवर टाक्यांची खूण होती, डाव्या हातात सळई होती, पुढचा एक दात बसवलेला होता. औषधांनी फिट कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या, आणि कधी येतील याचा नेम नव्हता. आजार सुरू होण्याआधी ती कोल्हापुरात महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. पहिली फिट आली त्या दिवसापासून ती पाण्यात उतरली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिच्या आईने शपथ घातली होती, आणि शार्दूल तर बाथरूमच्या दाराला आतून कडीही लावू द्यायचा नाही.

त्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तिने तोंड धुतलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हणजे आता मला पोहता येईल."

शार्दूल खराडे कोल्हापुरातल्याच एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅमर होता. बंदरांत उतरणारे कंटेनर कुठे ठेवायचे, कुठल्या क्रमाने हलवायचे, याचा हिशोब करणारे प्रोग्रॅम ही कंपनी लिहायची. आजार, औषधं, शरीर यांच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. घड्याळाचा प्रोग्रॅम शार्दूलने घरी लिहिला होता, रविवारच्या सकाळी, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लॅपटॉपवर. फिटच्या आधी शरीरात बारीक बारीक बदल होतात: नाडीची लय बदलते, तळहाताला घाम सुटतो, बोटांना डोळ्याला न दिसणारा कंप येतो. हे बदल प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून बाजारात मिळणारी यंत्रं मैथिलीच्या बाबतीत कायम चुकायची. शार्दूलने दोन वर्षं फक्त तिच्याच नोंदी गोळा केल्या आणि फक्त तिचीच फिट ओळखायला घड्याळाला शिकवलं. हीच पद्धत वापरून दुसऱ्या कुणाचंही घड्याळ त्याच्या शरीराला शिकवता आलं असतं. पण तेव्हा त्याच्या मनात दुसरं कुणी नव्हतं.

शरीराशी संबंध असलेला प्रोग्रॅम घड्याळात कायम ठेवायचा तर सरकारी नोंदणी लागायची. चाचणीपुरती सवलत होती, ती संपत आली होती. शार्दूलने अर्ज भरला, लेखक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि निश्चिंत झाला. आठवडाभरात मैथिलीच्या घड्याळाने इशारे देणं बंद केलं. ते नुसती वेळ दाखवायला लागलं. पाठोपाठ नोंदणी कार्यालयाचा निरोप आला, की हा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने काढून टाकला आहे. मालक म्हणून शार्दूलच्या कंपनीचं नाव होतं.

कंपनीच्या कायदा विभागात नूपुर हेरवाडकर नावाच्या बाई होत्या. शार्दूल तावातावाने त्यांच्यासमोर जाऊन बसला. त्यांनी त्याला बोलू दिलं. रविवार, घर, स्वतःचा लॅपटॉप, कंटेनरांशी नसलेला संबंध, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही घरी लिहिलंत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तो मुद्दाच नाही. तुम्ही लिहिलंत त्याच्या आधी ते आमच्याकडे लिहून झालं होतं."

त्यांचा रोख जोडीदाराकडे होता.

यंत्रं कोड लिहायला लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण ती सगळी यंत्रं जगभरचा कोड वाचून शिकलेली, त्यामुळे सगळ्यांचं लिहिणं एकसारखं आणि बेताचं. अवघड जागी सगळी एकाच ठिकाणी अडखळायची. कंपन्यांना हवा होता मुरलेल्या माणसाचा हात. तो हात पूर्ण झालेल्या कोडमध्ये सापडत नाही. माणसाने काय लिहून खोडलं, कुठे थांबला, कुठली वाट धरून अर्ध्यात सोडली, कशाची पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली, यात तो असतो. म्हणून ऑफिसातले कीबोर्ड हे सगळं टिपायचे. पाचसहा वर्षांच्या अशा टिपणातून प्रत्येक कर्मचाऱ्यासारखा विचार करणारं एक यंत्र तयार व्हायचं. कंपनी त्याला जोडीदार म्हणायची. दिवसभर जोडीदार आपल्या माणसाला कामात मदत करायचा. कंपनीचे संगणक रिकामे असतील तेव्हा मात्र तो पुढे निघून जायचा. आपला माणूस यापुढे काय लिहील याचा अदमास घेऊन ते लिहून ठेवायचा, आणि त्यावर त्या दिवसाची तारीख पडायची.

पूर्वी अशा भांडणात प्रश्न वेळेचा असायचा. ऑफिसच्या वेळेत लिहिलं की सुट्टीत, यंत्र कुणाचं होतं, कल्पना कुठे सुचली. कोर्टात त्यावर वर्षानुवर्षं वाद चालायचे. जोडीदार आले आणि तो वाद संपला. कर्मचारी आपल्या वेळेत काय करतो याच्याशी कंपन्यांना देणंघेणं राहिलं नाही. तो जे करू शकतो ते त्यांच्याकडे आधीच तयार असायचं. नोकरीच्या करारात हे लिहिलेलं होतं आणि शार्दूलने त्याखाली सही केली होती, जशी सगळ्यांनी केली होती.

हेरवाडकर बाईंनी कंपनीचा बेत सांगितला. कंपनी आता वैद्यकीय क्षेत्रात उतरणार होती. प्रोग्रॅम दोनतीन वर्षांत बाजारात येईल, कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला सवलतीत मिळेल. तोवर मैथिलीने काय करायचं, असं शार्दूलने विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, की जोडीदाराने लिहिलेलं प्रत्यक्ष बघण्याचा त्याला हक्क आहे, बघायचं असेल तर आत्ता बघता येईल.

एका लहानशा बंद खोलीत एक पडदा होता. शार्दूलचा मोबाइल बाहेर ठेवून घेतला गेला. बाई त्याच्या शेजारी बसल्या.

पहिल्या दहा ओळी वाचून त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. हे त्याच्या प्रोग्रॅमसारखं नव्हतं, हा त्याचाच प्रोग्रॅम होता. एका जागी त्याच्या हातून बेरजेऐवजी वजाबाकी झाली होती, ती चूक शोधायला त्याला पंधरवडा लागला होता. जोडीदाराने तीच चूक करून तशीच दुरुस्त केली होती. कोडच्या मध्ये माणसं स्वतःसाठी टिपा लिहितात, तशी एक टीप होती: 'अंघोळीला जाताना मैथिली घड्याळ काढून ठेवते, तेव्हाच्या नोंदी धरू नयेत.' शब्दन् शब्द हीच टीप त्याने घरी टेबलाशी बसून लिहिली होती. तारखेप्रमाणे जोडीदाराने ती त्याच्या चार महिने आधी लिहिली होती.

"याला मैथिलीचं नाव कुठून कळलं?" त्याने विचारलं.

हेरवाडकर बाई म्हणाल्या, की शार्दूलनेच सांगितलंय. रजेच्या अर्जांत, विम्याच्या फॉर्मात, आणि ज्या ज्या दिवशी दवाखान्यातून फोन आला नि तो वाक्य अर्धं टाकून खुर्चीवरून उठला त्या प्रत्येक वेळी.

शार्दूल पुढे वाचत गेला. त्याचा प्रोग्रॅम जिथे संपत होता तिथे जोडीदाराचं काम संपत नव्हतं. पुढे आणखी फायली होत्या. झोपेतल्या फिटसाठी एक सुधारणा होती. ती त्याच्या डोक्यात घोळत होती, पण अजून त्याने कुणाला सांगितली नव्हती. मग पाण्यात असताना नाडी कशी मोजायची याचा एक प्रोग्रॅम होता. त्याच्या पुढची फाईल उघडली तेव्हा ती कशासाठी आहे हे त्याच्या चटकन लक्षात आलं नाही. घरातल्या जुन्या व्हिडिओंमधून एका बाईचा आवाज वेगळा काढून जमवण्यासाठी तो प्रोग्रॅम होता. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं गाळून फक्त आवाज. मध्ये टीप होती: 'कुकरच्या शिट्टीखाली तिचं "अरे ऐक ना" दबलंय, ते सोडवून घ्यायचं.'

त्यानंतरच्या एकाही फाईलमध्ये घड्याळ नव्हतं.

शार्दूलने ती टीप पुन्हा वाचली. मग बाईंना विचारलं, की हे काय आहे.

"हे भविष्य नाही, खराडे," त्या म्हणाल्या. त्यांनीही ते पहिल्यांदाच वाचलं असावं. "ही सवय आहे. तुमची, आणि तुमच्यासारख्या परिस्थितीतल्या हजारो लोकांची. त्यांनी काय लिहिलं आणि त्यानंतर काय लिहिलं, एवढंच त्याला माहीत असतं."

त्या लोकांच्या बायकांचं काय झालं, असं शार्दूलने विचारलं. हेरवाडकर बाईंनी पडदा बंद केला आणि वेळ संपल्याचं सांगितलं.

घरी येऊन त्याने मैथिलीला सगळं सांगितलं, ती फाईल सोडून. ती म्हणाली, मग दुसऱ्या पद्धतीने लिही. तिला ते सोपं वाटलं आणि खरं म्हणजे त्यालाही वाटलं. पण इरफान बागवान घरी आला तेव्हा अडचण नीट समजली. इरफान शार्दूलचा ऑफिसातला जुना मित्र, जोडीदार घडवणाऱ्या विभागातच होता. त्याने सांगितलं, की नोंदणी कार्यालय शब्द जुळवून बघत नाही, विचार जुळवून बघतं. माणूस प्रश्नाला कुठून हात घालतो, कशाला घाबरतो, काय गृहीत धरतो, हे सगळं त्यात उतरतं. शार्दूलने दहा प्रकारे लिहिलं तर ते दहाही प्रकार जोडीदाराला ठाऊक असणार. दुसऱ्या कुणाला समजावून सांगून लिहून घेतलं तरी सांगण्याची पद्धत शार्दूलचीच राहणार.

"मग काय करायचं?" मैथिलीने विचारलं.

"वहिनी, यानं लिहिलंच नसतं असं काहीतरी यानं लिहायला पाहिजे," इरफान म्हणाला. "आणि ते कसं लिहायचं ते मला नाही माहीत."

नोंदणी कार्यालयात कच्चा मसुदा पाठवून तपासून घेण्याची सोय होती. त्याचं उत्तर चार प्रकारांनी यायचं: खात्रीने तोच, बहुधा तोच, सांगता येत नाही, अनोळखी. शार्दूलने मसुदे पाठवायला सुरुवात केली. खात्रीने तोच. खात्रीने तोच. त्याने दुसरी भाषा वापरली, उलट्या टोकाकडून सुरुवात केली, मुद्दाम गबाळं लिहिलं. खात्रीने तोच.

हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की दोष कोडमध्ये नव्हता. तो मुळात सावध माणूस होता. कुलूप लावून चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढून बघणारा. कुठल्याही कामात सर्वात वाईट काय घडेल ते आधी धरून मग पुढे सरकणारा. त्याचा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच भीतीतून निघायचा. हा स्वभाव जोवर आहे तोवर हात बदलणार नाही, हे कळल्यावर त्याने स्वभावालाच हात घातला.

सुरुवातीला मैथिलीला गंमत वाटली. तो कुलूप न ओढता निघून यायचा. न आवडणारं कारलं मागून घ्यायचा. शेजारच्यांच्या लग्नात नाचला, तेही वाईट नाचला. एकदा स्टँडवर समोर लागलेल्या एसटीत पाटी न वाचता चढला आणि गारगोटीच्या पलीकडच्या कुठल्याशा गावात उतरून संध्याकाळी परत आला. मैथिली हसली. त्या आठवड्यात उत्तर आलं: बहुधा तोच.

मग त्याने तिला गोळ्यांची आठवण करणं सोडलं. लग्न झाल्यापासून तो दोन्ही वेळा विचारायचा आणि ती दोन्ही वेळा चिडायची. विचारणं थांबल्यावर तिला घर मोकळं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. दसरा चौकात रस्ता ओलांडताना तो तिच्या कोपराला धरायचा, आता एकटाच पुढे जायला लागला. पलीकडे पोचल्यावर मागे वळूनही बघायचा नाही. बघायचं नाही असं त्याने ठरवलेलं असायचं आणि त्या वेळी मानेच्या शिरा दुखायच्या. पण काही दिवसांनी शिरा दुखायच्या थांबल्या. एके दिवशी पलीकडे पोचून त्याने उसाचा रस मागवला, अर्धा ग्लास संपवला, आणि मग त्याला आठवलं की आपल्याबरोबर मैथिली आहे.

सांगता येत नाही, असं त्या महिन्यातलं उत्तर होतं.

मैथिलीने त्याला समोर बसवून विचारलं, हे अजून किती चालणार. तो म्हणाला, प्रोग्रॅम मिळेपर्यंत. ती म्हणाली, तिला भीती वाटतेय. फिटची नाही. सकाळी तो खोलीत येतो तेव्हा कोण आलंय हे बघायला ती वळते, तेव्हा वाटते. शार्दूलला तिला त्या फाईलबद्दल सांगावंसं वाटलं. त्या यंत्राने तुझ्यानंतरचं काय लिहून ठेवलंय, ते मला खोटं पाडायचंय, असं सांगावंसं वाटलं. पण हे असं जवळ बसून सांगणं हेही जुन्याच शार्दूलचं होतं. तो उठून गेला.

नंतर दोनचार दिवसांनी तो असाच भरदुपारी कुठेतरी भटकायला गेला होता. ऊन उतरताना घरी आला तेव्हा मैथिली बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलेली होती. हनुवटी फुटली होती, मांडीवरचा टॉवेल रक्ताने कडक झाला होता. तिने वर बघितलं. इतक्या वर्षांत असा प्रसंग कितीदा तरी आला होता आणि दर वेळी तो धावत येऊन आधी तिचं डोकं स्वतःच्या छातीशी धरायचा.

"फिट यायच्या आधी तू काय करत होतीस?" शार्दूलने दारातूनच विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग सांगितलं. वाळलेले कपडे घड्या करून ठेवत होती. त्याचा निळा शर्ट तिने एकदा घडी केला, उलगडला, परत घडी केला, परत उलगडला. हे आपण का करतोय हे तिला कळत नव्हतं. कुणीतरी दुसरीच बाई घड्या करतेय असं वाटत होतं.

"दुसरीच बाई," शार्दूल म्हणाला, आणि लॅपटॉपकडे गेला.

मैथिलीने स्वतःच जखम धुतली, स्वतःच रिक्षा बोलावली आणि दवाखान्यात जाऊन टाके घालून आली. ती परतली तेव्हा तो लिहीत होता. तिला दार उघडून देऊन पुन्हा जाऊन बसला.

आजवर तो फिट शोधत होता. धोक्याची खूण कुठे दिसते इकडे त्याचं लक्ष असायचं, कारण धोका शोधणं हा त्याचा स्वभाव. आता त्याने धोका सोडून दिला आणि मैथिलीच धरली. ती कपडे कशी घडी करते, जिना कशी चढते, बोलताना मनगट कसं हलवते, एरवीची धडधाकट मैथिली कशी असते, एवढंच घड्याळाने शिकायचं. आणि ती जेव्हा मैथिलीसारखी वागेनाशी होईल, तेव्हा थरथरायचं. हे आपल्याला कुठून सुचलं हे त्याला लिहितानाच उमगलं होतं. कंपनी त्याच्याकडे अशीच बघत आली होती.

उत्तर आलं: अनोळखी.

हेरवाडकर बाईंनी त्याला बोलावलं तेव्हा तो राजीनामा घेऊनच गेला. कंपनी या नव्या प्रोग्रॅमवर दावा करू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. पण तो स्वतःही करू शकणार नाही. नोंदणीच्या दृष्टीने हे लिहिणारा माणूस शार्दूल खराडे नाही, आणि आपणच तो आहोत हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नाही. प्रोग्रॅम बेवारस ठरेल, कुणीही वापरू शकेल. शार्दूल म्हणाला, चालेल. मग त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, जी त्याच्या लक्षात आली नव्हती. घड्याळाची मंजुरी वर्षाची असते. दर वर्षी नवी सुधारलेली आवृत्ती द्यावी लागते आणि ती त्याच अनोळखी लेखकाची आहे अशी खूण पटावी लागते. पुढच्या आवृत्तीत जुना हात दिसला तर ती पुन्हा कंपनीची होणार, नोकरी सोडलेली असली तरी. जोडीदार कुठे नोकरी सोडतोय?

त्याने राजीनाम्यावर सही केली. निघताना बाईंनी विचारलं, तुमच्या मिसेस कशा आहेत. जुना शार्दूल यावर बराच वेळ बोलला असता. तो बरी आहे म्हणाला आणि बाहेर पडला.

प्रोग्रॅम पसरला. पुण्यातून, नांदेडहून, बेळगावहून अनोळखी लोक तो घड्याळात घालून घेऊ लागले. शार्दूलने एका पतसंस्थेच्या ऑफिसात साधी नोकरी धरली. तिथे कोड लिहायचा नव्हता. मैथिली तलावावर जायला लागली, आधी नुसती काठावर, मग उथळ भागात, मग पूर्ण. तिचे दंड भरले. ती सकाळी शीळ घालत निघायची. आपण जिंकलो, असं दोघांनाही वाटायला हरकत नव्हती.

एका रविवारी इरफान आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, सांगू की नको ते कळत नाहीये, पण मी रोज ते बघतो आणि मला झोप लागत नाही. शार्दूलचा जोडीदार अजून कामावर होता. दिवसभर कंटेनर हलवायचा. रिकाम्या वेळात मात्र आता तो नवीन काहीच लिहीत नव्हता. एकाच प्रोग्रॅमवर अडकून बसला होता. तोच पुन्हा पुन्हा सुधारायचा.

"कुठला प्रोग्रॅम?" मैथिलीने विचारलं.

इरफानने शार्दूलकडे बघितलं. त्याला वाटलं होतं, हिला माहीत असेल.

मग शार्दूलला सांगावं लागलं. त्या बंद खोलीतली फाईल, आवाज गोळा करण्याचं काम, शिट्टीखालचं 'अरे ऐक ना'. मैथिलीने ऐकून घेतलं. तिचा हात हनुवटीवरच्या खुणेकडे गेला.

"म्हणजे तिकडे मी गेलेय," ती म्हणाली.

इरफान घाईने म्हणाला, की यंत्राला तसं काही वाटत नसतं वहिनी, ते आपलं आकडेमोड करतं. कंपनी तो प्रोग्रॅम विकायला काढणार आहे, ज्यांचं माणूस गेलंय अशी खूप लोकं त्याची मागणी करतायत. चांगलाच चालेल म्हणतात.

"टिपा लिहितो का तो अजून?" तिने विचारलं.

इरफान हो म्हणाला. तिने काय लिहितो ते विचारलं. त्याने आठवून आठवून एक सांगितली. 'हसण्याआधी ती श्वास आत घेते. तो श्वास गाळला जातोय. तो राहिला पाहिजे.'

इरफान गेल्यावर मैथिली बराच वेळ गॅलरीत उभी होती. शार्दूल तिच्याकडे गेला नाही. आपण जायला हवं होतं हे त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पहिलं वर्ष संपायला थोडे दिवस उरले होते. नव्या आवृत्तीचं काम करायचं म्हणून शार्दूल तिला पाण्यात बघायला तलावावर गेला. सकाळची गर्दी ओसरली होती. मैथिली पलीकडच्या टोकाकडून संथ हात मारत येत होती. मध्येच तिची लय किंचित बदलली, त्याला दिसलं नाही इतकी किंचित, पण घड्याळाला कळलं. ती थांबली, मनगटाकडे बघितलं आणि घाई न करता काठाला आली. स्वतःच्या हाताने कठड्याला धरून वर चढली. ओल्या फरशीवर आडवी झाली आणि शार्दूलला बोटाने ये म्हणून खुणावलं. तो पोचला तेव्हा फिट सुरू झाली होती.

पाण्यात असती तर संपलं असतं. शार्दूलने तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं. तिचं अंग सैल पडल्यावर तोंड पुसलं. नकळत त्याचा हात तिच्या ओल्या केसांतून फिरायला लागला, कानामागून मानेपर्यंत, आणि तो तोंडातल्या तोंडात तिचे श्वास मोजायला लागला. आपण हे करतोय हे त्याला उशिरा समजलं. त्याने हात काढून घेतला.

मैथिलीने डोळे उघडले होते. किती वेळ उघडे होते कोण जाणे. तिने चाचपडत त्याचा हात धरला आणि पुन्हा केसांवर ठेवला.

"अर्ज भरून झाला का?" तिने विचारलं. जीभ अजून जड होती.

त्याने नाही म्हणून मान हलवली. व्हायचा होता. पुढच्या आठवड्यात आवृत्ती द्यायची होती.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "इथे कोण लिहून घेतंय?"

त्याने हात तिथेच ठेवला. तो हलत नव्हता. केसांतून तो आता कसा फिरवायचा, हे शार्दूल ठरवत होता.